टर्कीच्या अंगावर मांस की चरबी?



कोंबड्यांच्या जोडीला चार-दोन टर्की पाळणारी घरे आता गावोगाव दिसू लागली आहेत. पिसारा फुलवून ऐटीत फिरणारा टर्कीचा नर अंगणात असला, की येणारा-जाणारा थांबून पाहतो. ‘केवढा धष्टपुष्ट पक्षी! आठ किलो तरी सहज भरेल,’ असे कौतुकही होते. पण त्या आठ किलोंत मांस किती आणि चरबी किती, असा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. पक्षी कापल्यावर पोटातून मूठभर पिवळसर गोळा निघतो, गिऱ्हाईक नाक मुरडते आणि पुढच्या वेळी दुसरीकडे जाते. शिवाय तो गोळा आपल्याच घरच्या मक्याचा झालेला असतो. म्हणजे दाणाही गेला आणि गिऱ्हाईकही गेले.

टर्कीच्या अंगावर चरबी केव्हा चढते, कुठे साठते, कशाने वाढते आणि ती हाताने कशी ओळखावी, याची माहिती या लेखात दिली आहे. हे एकदा ध्यानात आले, की पक्षी केव्हा विकावा हे दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.

मूळची अमेरिकेची

टर्की हा मूळचा अमेरिका खंडातला पक्षी. मेक्सिकोतल्या लोकांनी तो प्रथम माणसाळवला आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. आपल्याकडे तो आला गोव्यामार्गे. १६१२ साली जहांगीर बादशहाचा सरदार मुकर्रबखान याने गोव्याच्या बंदरातून ज्या नवलाईच्या चीजा आग्र्याला नेल्या, त्यांत टर्कीही होती. बादशहाने दरबारी चित्रकार मन्सूर याच्याकडून तिचे चित्र काढवून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

बादशहाला तिच्या रंग बदलणाऱ्या मानेचे नवल वाटले. आपल्याला मात्र तिच्या छातीकडे पाहायचे आहे, कारण टर्कीचे मोल तिथेच आहे.

अमेरिकेत पूर्वीच्या टर्की उंच पायांच्या आणि अरुंद छातीच्या असत. पिसे काळसर असल्याने सोललेल्या कातडीवर खुंटांचे काळे ठिपके दिसत. शिवाय लहान कुटुंबाला एवढा मोठा पक्षी परवडत नसे. म्हणून तिथल्या कृषी खात्याने मेरीलँड राज्यातील बेल्टस्‌व्हिल येथील संशोधन केंद्रात १९३४ पासून नवी जात तयार करायला घेतली. आखूड पाय, लांब छाती, भरपूर मांस, पांढरी पिसे आणि बेताचा आकार, असा पक्षी त्यांना हवा होता. १९४१ पर्यंत ‘बेल्टस्‌व्हिल लहान पांढरी’ ही जात आकाराला आली. पुढे ती तिकडे खूप गाजली, पण १९७० च्या सुमारास जवळजवळ नाहीशी झाली. कारण असे, की मोठ्या रुंद छातीच्या पांढऱ्या जातीची मादी कोवळ्या वयातच कापली, तर तेवढ्याच वजनाचा पक्षी मिळतो, असे तिथल्या लोकांच्या लक्षात आले.

आपल्या देशात मात्र ही लहान पांढरी जात टिकली. तामिळनाडूत तयार झालेली ‘नंदनम टर्की-१’ ही जात स्थानिक काळी टर्की आणि ही बेल्टस्‌व्हिल यांच्या संकरातूनच आलेली आहे.

आधी हाड, मग मांस, शेवटी चरबी

घर बांधताना आपण आधी पाया घालतो, मग भिंती उभारतो आणि शेवटी रंग देतो. पक्ष्याचे शरीरही असेच ठरावीक क्रमाने वाढते. पहिल्या आठवड्यांत हाडांचा सांगाडा आणि आतली इंद्रिये झपाट्याने वाढतात. त्यामागोमाग मांस भरू लागते, विशेषतः छातीवर. सांगाडा पुरा होत आला आणि मांसाची वाढ मंदावली, की मग खाद्यातील जास्तीची शक्ती चरबी होऊन साठू लागते.

कोवळ्या पिल्लाच्या अंगावर चरबी फारच थोडी असते. वय वाढते तसे अंगातले पाण्याचे प्रमाण कमी होते आणि त्या जागी चरबी येते. काटा दोन्हींना वजनच म्हणतो. वाढलेला अर्धा किलो मांसाचा की चरबीचा, हे काटा सांगत नाही.

यातही नर आणि मादी यांच्यात मोठा फरक आहे. मादी लवकर वयात येते, म्हणून तिची वाढ लवकर मंदावते आणि चरबीही लवकर चढते. नर आकाराने बराच मोठा होतो, अधिक काळ मांस भरत राहतो आणि त्याच्यावर चरबी उशिरा येते. म्हणून एकाच वयाचे नर व मादी शेजारी उभे केले, तर मादी वजनाने हलकी, पण चरबीने जास्त, असे आढळते. परदेशात जलद वाढणाऱ्या जातींच्या माद्या साधारण १२ ते १६ आठवड्यांत विकतात आणि नर मात्र १८ ते २२ आठवडे ठेवतात, त्याचे कारण हेच. आपल्याकडच्या हळू वाढणाऱ्या पक्ष्यांना याहून जास्त दिवस लागतात, पण आधी मादी विकावी आणि नंतर नर, हा क्रम इथेही तोच ठेवावा.

आपण मात्र सर्रास उलटे करतो. नर मोठा दिसतो म्हणून तो आधी विकतो आणि मादी ‘अजून भरू दे’ म्हणून ठेवतो. मादी भरते खरी, पण चरबीने.

चरबी साठते कुठे?

टर्कीचे एक वैशिष्ट्य असे, की तिच्या छातीच्या मांसात चरबी फारशी शिरत नाही. कातडी काढलेल्या छातीच्या शंभर ग्रॅम मांसात चरबी जेमतेम एक-दोन ग्रॅम असते. मांडीच्या व तंगडीच्या गडद मांसात ती सुमारे तीन-चार ग्रॅम भरते. कातडीत मात्र वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास चरबी असते. बाकीची चरबी पोटाच्या पोकळीत, दाणे दळणाऱ्या कठीण जठराभोवती आणि शेपटीकडच्या बाजूला गोळ्याच्या रूपाने बसते. थोडी मानेच्या बुडाशी आणि मांडीच्या स्नायूंमध्येही असते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. टर्की जास्त दिवस ठेवून खाऊ घातली, तरी छातीचे मांस काही ‘तुपाळ’ होत नाही. जास्तीची चरबी पोटात आणि कातडीखाली जाते. पोटातला गोळा कापताना काढून टाकावा लागतो आणि कातडी पुष्कळ लोक खातच नाहीत.

चरबी मुळीच नको, असेही मात्र नव्हे. कातडीखाली पातळसा थर असला, की मांस शिजताना कोरडे पडत नाही आणि सोललेला पक्षी दिसायलाही चांगला दिसतो. चरबीचा अंशही नसलेल्या पक्ष्याची कातडी निळसर, काटकुळी दिसते आणि गिऱ्हाईकाला तो आजारी वाटतो. तेव्हा पातळ थर हवा, गोळा नको, एवढे धोरण ठेवावे.

एक किलो चरबीची किंमत

ताज्या मांसात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते आणि उरलेला भाग बहुतेक प्रथिनांचा असतो. त्यामुळे एक किलो मांसात साधारण बारा-तेराशे उष्मांक साठलेले असतात. निव्वळ चरबीच्या एक किलोत हेच उष्मांक नऊ हजारांवर जातात. मांस चढवताना शरीराची बरीच शक्ती खर्ची पडते, ती हिशेबात धरली, तरी एक किलो चरबी तयार करायला एक किलो मांसापेक्षा कितीतरी जास्त दाणा लागतो.

म्हणूनच लहान वयात दोन किलोच्या आतबाहेर खाद्यात पक्षी एक किलो वाढतो आणि शेवटी शेवटी तेवढ्याच वाढीला चार-पाच किलो खाद्य लागते. मोठ्या अंगाला नुसते जगण्यासाठीही जास्त खाद्य लागते हे खरे, पण त्यात चरबीचाही मोठा वाटा असतो.

चरबी कशाने वाढते?

पक्षी पोटभर खातो म्हणजे काय, तर अंगाला लागणारी शक्ती मिळेपर्यंत खातो. समजा, आपण त्याला नुसता मका घातला. मक्यात शक्ती भरपूर, पण प्रथिने शेकडा नऊच्या आसपास. शक्तीची गरज भागली की पक्षी खाणे थांबवतो, पण मांस बांधायला लागणारी प्रथिने त्याला पुरेशी मिळालेली नसतात. मग उरलेल्या पिठूळ भागाचे करायचे काय? पक्ष्याचे यकृत, ज्याला आपण कलेजी म्हणतो, त्याची चरबी बनवते आणि रक्तातून पोटात व कातडीखाली पाठवते. गवंडी कामावर हजर आहे, पण विटाच नाहीत; नुसती वाळू येऊन पडते आहे, तशातला हा प्रकार.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली मोठ्या, जलद वाढणाऱ्या टर्कींसाठी प्रथिनांचे जे प्रमाण दिले, ते असे :

पहिले ४ आठवडे — शेकडा २८
४ ते ८ आठवडे — शेकडा २६
८ ते १२ आठवडे — शेकडा २२
१२ ते १६ आठवडे — शेकडा १९
१६ ते २० आठवडे — शेकडा १६.५
२० ते २४ आठवडे — शेकडा १४

हे वयाचे टप्पे नरांचे आहेत. मादीला आठव्या आठवड्यानंतर दर तीन आठवड्यांनी पुढच्या टप्प्यावर न्यायचे आहे. म्हणजे नर सोळाव्या आठवड्यात ज्या खाद्यावर येतो, त्यावर मादी चौदाव्यातच येते. मादीची मांसवाढ लवकर संपते, हे वर सांगितले, तेच या तक्त्यातही दिसते.

आता घरच्या घरी हिशेब करू. मक्यात शेकडा ९ आणि चांगल्या सोयाबीन पेंडीत शेकडा ४५ प्रथिने धरली, तर १०० किलो मिश्रणात —

२८ टक्क्यांसाठी मका ४७ किलो, पेंड ५३ किलो
२२ टक्क्यांसाठी मका ६४ किलो, पेंड ३६ किलो
१९ टक्क्यांसाठी मका ७२ किलो, पेंड २८ किलो
१६.५ टक्क्यांसाठी मका ७९ किलो, पेंड २१ किलो

हा हिशेब फक्त प्रथिनांचा आहे. खनिज मिश्रण, चुनखडी, मीठ आणि जीवनसत्त्वे पशुवैद्यांच्या सल्ल्याने वेगळी घालावी लागतात. मक्याऐवजी थोडी ज्वारी, बाजरी किंवा तांदळाची कणी वापरता येते.

हे आकडे पाहून ‘एवढी पेंड परवडत नाही’ असे कोणी म्हणेल. पण पिल्लू लहान असताना ते खाते किती? मूठ-दोन मुठी. पहिल्या दोन महिन्यांत पेंडीत केलेली काटकसर पुढे दुप्पट-तिप्पट मक्याने भरावी लागते. सुरुवातीला प्रथिने कमी पडली, की पक्षी मागे राहतो. मग ‘वजन भरू दे’ म्हणून त्याला जास्त दिवस ठेवावे लागते आणि वय वाढले की चरबीही वाढते. म्हणून पेंड लहानपणी सढळ हाताने घालावी आणि काटकसर करायचीच, तर शेवटच्या महिन्यात मक्यात करावी.

हिरवा चारा मात्र सर्व वयांत चांगला. टर्की कोंबडीपेक्षा जास्त हिरवे खाते. लसूणघास, कोबीची पाने, परसातील पालेभाजीचा निवड-काढ तिला आवडतो. चाऱ्याने पोट भरते, शक्ती मात्र थोडीच मिळते, म्हणून चरबीला आपोआप आळा बसतो. मोकळ्यावर फिरून किडे-टोळ टिपणारी टर्की खुराड्यात बसून मका खाणारीपेक्षा अंगाने कडक राहते.

चरबीला खाल्ल्याचा वास लागतो

पक्षी जे तेल-तूप खातो, ते बऱ्याच अंशी जसेच्या तसे त्याच्या चरबीत उतरते. कोकणात सुकट, बोंबील यांची भुकटी खाद्यात मिसळण्याची चाल आहे. प्रथिनांसाठी ती उत्तमच, पण विक्रीच्या आधी महिनाभर ती बंद करावी, नाहीतर मांसाला मासळीचा वास येतो.

दुसरे असे, की टर्कीच्या अंगात ई जीवनसत्त्व कोंबडीइतके साठत नाही. त्यामुळे तिची चरबी लवकर खवट होते. जास्त चरबीचा पक्षी कापून ठेवला, तर त्याची चव लवकर बिघडते.

भुईमुगाच्या पेंडीची काळजी

सोयाबीन नसेल तिथे भुईमुगाची पेंड वापरली जाते. ती घालताना डोळ्यांत तेल घालून पाहावे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पटापट मेल्या. रोग कोणता ते कळेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स रोग’ असे नाव पडले. शोध घेतल्यावर ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत दोष सापडला. पेंडीवरच्या बुरशीने विष तयार केले होते आणि त्याने पक्ष्यांचे यकृत निकामी केले होते. ‘अफ्लाटॉक्सिन’ हे त्या विषाचे नाव. जगाला त्याची ओळख टर्कीमुळेच झाली.

टर्की या विषाला कोंबडीपेक्षा कितीतरी नाजूक आहे. तेव्हा पावसाळ्यात ओल लागलेली, कुबट वास येणारी, हिरवट-करडी झालेली पेंड किंवा मका टर्कीला मुळीच घालू नये. ‘माणसाला नको, पाखराला चालेल’ ही समजूत इथे महागात पडते.

हाताने ओळखा

पक्षी तयार झाला का, हे पाहायला यंत्र लागत नाही. संध्याकाळी पक्षी शांत झाले, की एकेक हातात घ्यावा आणि पुढील चार गोष्टी पाहाव्या.

१. छातीच्या मधल्या उभ्या हाडावरून बोटे फिरवा. हाड धारेसारखे लागले आणि दोन्ही बाजू खोल असल्या, तर मांस भरायचे आहे. दोन्ही बाजू भरीव, गोलसर लागल्या, तर मांस भरले.

२. छातीच्या बाजूची पिसे फुंकर मारून किंवा बोटाने बाजूला करा. कातडी निळसर-लालसर आणि पातळ दिसली, तर चरबी आलेली नाही. दुधाळ, सायीसारखी दिसू लागली, तर चरबीचा थर आला.

३. शेपटीखाली, बैठकीच्या दोन हाडांच्या मध्ये चिमूट घ्या. कातडी पातळ लागली तर ठीक. मऊ, जाड गादी हाताला लागली, तर पोटात गोळा तयार झाला असे समजा.

४. नव्या पिसांचे कोवळे कोंब पुष्कळ असतील, तर आणखी थोडे थांबा. ते सोलायला त्रास देतात.

छाती भरलेली, कातडी नुकतीच सायीसारखी झालेली आणि चिमटीत जाडी नाही, अशी टर्की विकायला योग्य. तिन्ही खुणा रोज पाहू नयेत, उगाच पक्षी बिचकतो. आठवड्यातून एकदा पुरे.

वहीत दोनच ओळी

आठवड्याला एक दिवस ठरवून चार-पाच पक्षी ताणकाट्यावर वजन करावे आणि त्या आठवड्यात किती खाद्य लागले ते लिहावे. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीकडे हे काम सोपवले, तर ते हौसेने करतात.

समजा, एका मादीने आठवड्यात अडीच किलो खाद्य खाल्ले आणि वजन ४०० ग्रॅमच वाढले. म्हणजे एक किलो वाढीला सव्वासहा किलो खाद्य लागले. आता त्या सव्वासहा किलोची किंमत आणि एक किलो टर्कीला मिळणारा भाव, हे दोन आकडे शेजारी मांडा. खाद्याचा आकडा भावाच्या जवळ येऊ लागला, की मजुरी, औषधपाणी आणि मरतुकीचा धोका धरता नफा संपलाच.

या हिशेबात एक चूक हमखास होते. ‘मका घरचाच आहे, त्याला काय पैसे पडतात?’ असे आपण म्हणतो. घरचा मका बाजारात नेला असता तर जे पैसे आले असते, तेच त्याचे मोल. ते वहीत धरलेच पाहिजे. गिऱ्हाईक जिवंत वजनावर घेते, मग चरबी का विकू नये, असेही कोणी म्हणेल. एकदा विकता येईल. पण गावात, नात्यात विकणाऱ्याला तेच गिऱ्हाईक पुन्हा हवे असते.

अंड्यांसाठी ठेवलेल्या टर्की

पैदाशीसाठी ठेवायचे पक्षी आधीच वेगळे करावे. मादी साधारण तिसाव्या आठवड्याच्या सुमारास अंडी घालू लागते. तोवर तिला हातभर मका घालून लठ्ठ केली, तर ती कमी अंडी घालते. नर लठ्ठ झाला, तर जोडा नीट लागत नाही आणि अंडी वांझ निघतात. २८ दिवस उबवणीत घालवून पिल्ले न निघाल्यावर कारण कळते. परदेशातल्या फार रुंद छातीच्या जातींत तर नर एवढे जड झाले, की तिथे कृत्रिम रेतनाशिवाय पैदास होत नाही. पैदाशीच्या पक्ष्यांना बेताचे खाद्य, भरपूर हिरवा चारा आणि फिरायला जागा द्यावी.

स्वयंपाकघरात

भगिनींनी टर्की शिजवताना पोटातला गोळा आणि शेपटीकडची चरबी आधी काढून टाकावी. घरात हृदयविकाराचे किंवा रक्तदाबाचे पथ्य असणारे कोणी असेल, तर कातडीही काढावी. म्हणजे निम्म्याहून अधिक चरबी तिथेच कमी होते. छातीचे मांस कमी चरबीचे, म्हणून मोठ्या आचेवर ते चामड्यासारखे होते. ते झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावे किंवा दह्यात मुरवावे. तंगडी-मांडीचे मांस रश्शाला चांगले. रस्सा निवल्यावर वर आलेली चरबी पळीने सहज काढता येते.

तेव्हा येत्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी खुराड्यातल्या माद्या एकेक करून हातात घेऊन पाहा. छाती भरलेली आणि कातडी सायीसारखी झालेली जी असेल, तिला ‘आणखी भरू दे’ म्हणून ठेवू नका. तिने मांस भरण्याचे काम पुरे केले आहे. यापुढे घातलेला प्रत्येक ओंजळभर मका बहुतेक चरबीतच जाईल, त्यापेक्षा तो कोठीत राहिलेला बरा.